तापणे

धाकट्या काकांचा ट्रक तापतो, हे वाक्य आमच्या घरात एक सबंध उन्हाळा घुमत होते. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली गाडी मंचर मागे टाकून पेठ-अवसरी घाट चढू लागली, की ओढेनाशी होई, काळा धूर ओके आणि केबिनमध्ये पाय ठेववत नसे. तापते म्हटल्यावर उपायही ठरलेले. एका गॅरेजात रेडिएटर साफ झाला, मग थर्मोस्टॅट बदलला, शेवटी पाण्याचा पंपही. तापमानाचा काटा मात्र जागचा हलत नव्हता. तेव्हा काटाच बिघडला असेल म्हणून तोही नवा बसवला!

मी भाषा शिकवतो. तरी एका क्रियापदाने आम्हां सर्वांना फसवले, हे मला फार उशिरा उमगले. काटा दाखवतो ते इंजिनातल्या पाण्याचे तापमान, साधारण ८० ते ९५ अंश. ओझे ओढताना सिलिंडरमधून बाहेर पडणारा वायू ५०० अंशांच्याही पुढे जातो, आणि त्याच्यासाठी या गाडीत काटाच नाही. मराठीत दोन्ही तापतात.

मंचरच्या एका वृद्ध मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. "शेठ, पाणी तापतंय का केबिन?" मग म्हणाले, "गाडी रात्रभर इथंच राहू द्या. गार झाल्याशिवाय ती बोलायची नाही."

पहाटे त्यांनी इंजिन चालू करायला लावले. बाजूने बारीक टकटक येत होती. पंख्यापासून जपून, रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे ते मॅनिफोल्डच्या सांध्यांवरून फिरवत गेले आणि शेवटच्या सिलिंडरपाशी थांबले. थोड्या वेळाने आवाज विरला. धातू तापून प्रसरण पावला, की फट जवळजवळ मिटते. गॅरेजात गाडी नेहमी तापलेलीच पोचायची, म्हणून ही टकटक कुणाच्या कानी पडलीच नव्हती. इंजिन बंद करून, ते निवल्यावर मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात सांध्याभोवतीची काजळी दाखवली. एक स्टड तुटला होता, गॅस्केट जळले होते.

पुढचे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. टर्बोच्या आधीच वायू निसटला, तर टर्बो मंद फिरतो आणि इंजिनला हवा कमी पडते. चालक ॲक्सिलरेटर आणखी दाबतो, डिझेल वाढते, हवा वाढत नाही. म्हणून काळा धूर, आणि म्हणूनच वायू अधिक तापतो.

इथवर सारे मला एखाद्या अवघड उताऱ्याचा अर्थ लागावा तसे सुखाचे वाटत होते. तेवढ्यात मिस्त्रींनी विचारले, "क्लीनर कुठं झोपतो?"

या जुन्या धाटणीच्या ट्रकमध्ये इंजिन निम्मे केबिनमध्येच घुसलेले असते. त्याच्या झाकणाचे रबर फाटले होते. हवा अपुरी पडलेल्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि त्याला वास नसतो. क्लीनर मुलगा महिनाभर डोके दुखते म्हणत होता. आम्ही त्याला जागरण कमी कर म्हणून सांगत होतो.

मॅनिफोल्डचा पृष्ठभाग सपाट करून घेतला, नवे गॅस्केट घातले, नट मधून कडेला असे आवळले आणि गाडी एकदा तापून निवल्यावर पुन्हा आवळले. झाकणाचे रबरही बदलले. पुढच्या खेपेला मी मुद्दाम बरोबर गेलो. घाट संपला तेव्हा मुलगा गाढ झोपला होता. काकांनी गाडी कडेला घेतली, त्याला हलवून उठवले आणि डोके दुखते का, असे विचारले.