मालागाच्या कोळीवाड्यातले पांढरे सूप

दक्षिण स्पेनमधील मालागा शहरात आमचा मुलगा नोकरीला आहे. एका जानेवारीत आम्ही उभयता त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. शहराच्या पूर्वेस एल पालो ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. तेथे किनाऱ्यावर जुन्या होडीत वाळू भरून विस्तव पेटवतात आणि काडीला ओवलेले सार्डिन मासे भाजतात. ते खायला परदेशी पाहुण्यांची ही गर्दी! पण आम्हांस सांगायचे आहे ते घराघरांत शिजणाऱ्या गास्पाचुएलोविषयी.

नावावरून फसू नये. गास्पाचो हे टोमॅटोचे थंडगार सूप जगभर ठाऊक आहे. गास्पाचुएलो म्हणजे छोटे गास्पाचो. पण हे गरम आणि दुधासारखे पांढरे असते. त्यात दुधाचा मात्र थेंब नाही.

मुलाच्या घरमालकीणबाई कोळ्याच्या लेक. जेवायला काय करू, असे त्यांनी विचारले, तेव्हा तुम्ही घरी जे खाता तेच करा, असे आम्ही मुलाकरवी कळवले. बाई संकोचल्या. त्यांच्या लहानपणी चांगला मासा बाजारात जायचा, घरी उरायची डोकी आणि काटे. त्यांचे सूप पाहुण्यांना कसे वाढायचे? हा संकोच आम्हांला परका नव्हता. आमच्याकडेही पाहुणा दिसला की सुकटीचे गाडगे मागे सरकत असे.

बाईंनी डोकी-काटे उकळून पाणी गाळून घेतले. त्यात बटाट्याच्या फोडी शिजवल्या, अंड्याचा पांढरा भाग सोडला. दुसऱ्या भांड्यात पिवळा बलक घोटत त्यात ऑलिव्हच्या तेलाची बारीक धार धरली, लिंबू पिळले. हे झाले मेयोनेज. खरी कसोटी पुढेच. पातेले खाली उतरवायचे, पळीपळीने रस्सा मेयोनेजमध्ये मिसळून ते सैल करायचे, मगच सगळे पातेल्यात ओतायचे. पुन्हा उकळी आणायची नाही. आणली की बलक गोठतो आणि सूप फाटते. पुढे आम्ही मुलाच्या घरी करून पाहिले, घाई केली, आणि पातेल्यात नुसत्या गुठळ्या!

मासा नसेल त्या दिवशी बटाटा-अंड्यावरच भागवायचे, असे बाई म्हणाल्या. आता हॉटेलांत त्यात कोळंबी आणि शिंपल्या घालतात. शेरी घातली की नावही बदलते, 'सोपा विन्या आ-बे'. आम्हांला बाईंचे साधेच आवडले.

आम्ही पावाने वाडगा पुसून घेतला आणि दुसऱ्यांदा मागितले. तेव्हा कुठे बाई स्वतःचे वाढून घेऊन आमच्या शेजारी बसल्या.