पेटीच्या पलीकडे

हरिहरेश्वरला उत्सवातलं नाटक म्हणजे झापांचा मांडव, गॅसबत्त्यांचा सूं आवाज आणि चाकरमान्यांनी मुंबईहून भाड्याने आणलेले भरजरी अंगरखे. सगळा गाव जमिनीवर बसे. ज्यांना चालवत नसे त्यांना कुणीतरी पाठुंगळी घेऊन आणी, पुढच्या चटईवर जागा करून देई. तिकीट नव्हतं, पायऱ्याही नव्हत्या.

पेटीवर आमच्या वाडीतले अण्णा असत. जन्मापासून दृष्टी नाही, पण अख्खं नाटक तोंडपाठ. नट अडखळला की ते सूर जरासा लांबवत आणि मान न वळवता पुढचा शब्द पुरवत. पट्ट्यांवरची बोटं तेवढ्यातही चुकत नसत. इतकं असून त्यांच्या तोंडाला कधी कुणी रंग लावला नाही. आंधळा, लंगडा, बोबडा ही पात्रं यायची ती हशा पिकवायला, आणि ती सोंगं धडधाकट माणसंच काढायची. ही गोष्ट मला आजही सलते.

आता अंध कलाकार कालिदासाचं काव्य रंगभूमीवर आणतात. स्वागत थोरातांनी 19 अंध कलाकारांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ उभं केलं. पावलांचा हिशेब आणि सोबत्याचा आवाज यांवर ही मंडळी रंगमंच पेलतात. नृत्यांगना सुधा चंद्रन तर 1981च्या अपघातानंतर पाय गमावूनही जयपूर फूट हा कृत्रिम पाय लावून 1984मध्ये पुन्हा नाचल्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवन हा हक्क मानला; अपंग कलावंतांना सोयी आणि पाठबळ द्यावं, असंही त्यात आहे.

तरी नाट्यगृहात गेलं की प्रेक्षागृहाला एखादे वेळी उतार दिसतो, रंगमंचावर चढायला मात्र विंगेतल्या अरुंद पायऱ्याच. व्हीलचेअरवरचा माणूस फक्त बघायलाच येणार, हे बांधणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं! आमच्या हरिहरेश्वरच्या देवळाची प्रदक्षिणेची वाट दोन डोंगरांमधल्या पायऱ्यांनी थेट समुद्रावर उतरते. ती कातळाची आणि भरती-ओहोटीची. तिथे चाकं नेणं खरंच कठीण. रंगमंच मात्र आपणच बांधतो.

म्हणून गावोगावच्या उत्सव मंडळांना माझी विनंती आहे. यंदा मांडव घालताना रंगमंचाला फळ्यांचा एक उतार ठोका. आणि पात्रं वाटताना वाडीतल्या अंध पोराला पेटीपाशी बसवण्याआधी एवढं विचारा, ‘तुला कुठलं काम करायचंय?’