भिंतीवरचा कारभार

मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत मी लघुलेखिका म्हणून लागले, तेव्हा मिनिटाला १०० शब्दांची लघुलेखनाची आणि ३० शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा गाठीशी होती. पुढे बढती मिळून साहेबांची स्वीय सहाय्यक झाले. सकाळी त्यांच्या आधी पोचायचं, रोजनिशी उघडायची, बैठकांच्या वेळा एकमेकींवर येत नाहीत ना ते बघायचं, भेटीला आलेल्यांना बसवून ठेवायचं. बाहेरगावी बोलायचं असेल तर १८० नंबरला ट्रंक कॉल नोंदवायचा. काम किती निकडीचं आहे त्यावर साधा, अर्जंट की लाइटनिंग ते ठरवायचं आणि मग रिसीव्हरवर कान ठेवून वाट बघायची. दौऱ्याचा कार्यक्रम कार्बन घालून चार प्रतींत टंकायचा. साहेबांच्या मुलीच्या फीची शेवटची तारीखही माझ्याच डायरीत असे. एका माणसाचा दिवस सुरळीत जावा म्हणून सरकार दुसऱ्या माणसाला पूर्ण पगार देत होतं, आणि ते काम खरोखरच पूर्ण दिवसाचं होतं.

त्याच वर्षांत परळच्या चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांत आई सहा माणसांचा दिवस सांभाळत होती. तिच्या हाताखाली कोणी नव्हतं. तिच्याकडे एक भिंत होती.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या त्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असे. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं आणि तिथी, वार, सणवार, एकादशी, चतुर्थी, वेगवेगळ्या धर्मांचे सण असं सगळं एका पानावर आलं. मागच्या बाजूला पाककृती आणि महिन्याचं भविष्य. पंचांग बघायला शेजारी जायची गरज उरली नाही. पण आईच्या लेखी छापलेल्या मजकुराइतकीच किंमत तारखेच्या चौकोनात उरलेल्या कोऱ्या जागेला होती. खिळ्याला सुतळीने बॉलपेन बांधलेलं असायचं, आणि ते तिथून सोडून नेणाऱ्याची खैर नसे.

एकेका चौकोनात काय काय मावायचं! ‘दू. १’ म्हणजे त्या दिवशी दुधाची एक बाटली जास्त घेतली. ‘खा.’ म्हणजे भांडीवाल्या बाईंचा खाडा. ‘गॅस ला.’ म्हणजे सिलिंडरचा नंबर लावला. त्यापुढे ती बोटांवर दिवस मोजायची आणि तोवर रॉकेलचा स्टोव्ह पुसून तयार ठेवायची. ‘गि.’ म्हणजे दळण गिरणीत टाकलं. रेशनवर साखर आल्याची खूण वेगळी, रॉकेलची वेगळी. विजेचं बिल, भाऊच्या शाळेची फी, वडिलांच्या विम्याचा हप्ता यांच्याभोवती लाल वर्तुळ. काही चौकोनांत नुसता एक ठिपका असे. तो तिच्या स्वतःच्या दुखण्याचा होता, हे मला फार पुढे कळलं.

वर्ष संपलं तरी कालनिर्णय टाकून दिलं जात नसे. गुंडाळी करून, नाडी बांधून पोटमाळ्यावर. एप्रिल आला की मागच्या वर्षीची गुंडाळी खाली उतरायची. गहू किती घेतले होते, ते पुरले का, मिरची डंकावर कधी नेली, कुरडयांना ऊन कुठल्या आठवड्यात चांगलं मिळालं, हे सगळं त्यात असायचं. वर्षाची बेगमी म्हणजे केवढा मोठा आराखडा होता! पावसाच्या आत धान्य भरायचं, आणि तेही वडिलांच्या हातात पैसे येतील त्या बेताने. पगार, ऊन आणि वाण्याची उधारी यांचा मेळ तिला दर उन्हाळ्यात घालावा लागे.

गणपतीचंही तसंच. नवं कालनिर्णय घरात आलं की सगळे आधी भाद्रपदाचं पान उलटायचे. कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावायला लागली १९९८ साली. त्याआधी गावी जायचं तर एसटीच. आरक्षणाच्या रांगेत वडील पहाटे उभे राहायचे, आठच्या सुमाराला भाऊ डबा घेऊन त्यांची जागा धरायला जायचा, आणि वडील तिथून कामावर. गावी पोस्टकार्ड गेलेलं असे: अमुक तारखेला निघतो, गाडीला कोणाला तरी पाठवा. उत्तर आलं नाही तरी गाडीला कोणीतरी आलेलं असायचं.

या दिवसांबद्दल गोड गोड लिहिणं सोपं आहे. मला ते करायचं नाही. आई रात्री दचकून उठायची, कारण वाल भिजत घालायचे राहिलेले असत. सिनेमाला बसली तरी मध्यंतरात तिच्या डोक्यात उद्याचं दूध असे. लक्षात ठेवणं हे काम आहे, हे आमच्या घरात कोणी कधी मोजलं नाही. मी कचेरीत त्याच कामाचा पगार घेत होते आणि घरी येऊन जेवायला बसत होते.

एकदा तिला टायफॉइड झाला. वडील त्या भिंतीपुढे उभे राहिले आणि त्यांना एक चौकोन धड वाचता येईना. छापखान्याचे हिशेब ठेवणारा माणूस, पण घराचा हिशेब त्यांच्या लिपीत नव्हता. शेवटी शेजारच्या काकू आल्या, पदराला हात पुसत भिंतीशी गेल्या आणि धडाधड वाचत सुटल्या: उद्या गॅसवाला येईल, सुट्टे पैसे काढून ठेवा, परवा रेशन, बाईंचे तीन खाडे झालेत पण पैसे कापू नका, तिचं पोर आजारी आहे. हे शेवटचं चौकोनात कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेवढं दोघींचं बोलणं झालेलं होतं.

आता माझ्या खिशातला फोन माझी पी.ए. आहे. हे मी पूर्ण आदराने म्हणते, कारण ते काम काय असतं हे मला ठाऊक आहे. गुगल असिस्टंट २०१८ साली मराठीत बोलायला लागला, तेव्हा मी तो आईच्या हातात दिला. ती तोवर काठी घेऊन चालायला लागली होती, आणि बटणं दाबणं तिला जमत नसे. बोलणं जमत होतं. ‘‘उद्या सहाला उठव हं,’’ म्हणायची, आणि खालच्या आवाजात पुढे जोडायची, ‘‘पाऊस असला तर साडेसहाला.’’ उत्तर काय येतं ते कान देऊन ऐकायची. गोळ्यांच्या वेळा आम्ही त्यात घालून दिल्या. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, यावरून माझं आणि तिचं रोज वाजायचं, ते थांबलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या यंत्राचे उपकार मानते.

तेव्हापासून मदत खूपच पुढे गेली आहे. परवा लग्नाची पत्रिका आली. सुनेने तिचा फोटो काढून फोनमधल्या मदतनिसाला दिला. त्याने मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, हळदीचा दिवस वेगळे काढले, दिनदर्शिकेत घातले, आणि त्याच संध्याकाळी नातवाची शिकवणी आहे हेही दाखवलं. कोकणच्या गाडीचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. तो दिवस मोजून सकाळी आठच्या आत सगळे फोन एकदम वाजतात. भल्या पहाटेची रांग गेली, वडिलांचे पाय सुजायचे ते गेलं. वीजबिल, गॅस, विमा, सोसायटीचा देखभाल खर्च खात्यातून आपोआप जातात. माझी सून नोकरी करते, आणि वालांसाठी रात्री दचकून उठत नाही. आईला हे मिळायला हवं होतं. हे लिहिताना गळा दाटतो, पण हेच खरं आहे.

मग मला चुटपूट कसली लागते? मला ती भिंत हवीशी वाटते.

भिंत सगळ्यांची होती. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलेलं पोर तिच्यासमोरूनच जायचं. वर्तुळं बघून बघून आम्हाला न सांगता कळलेलं होतं की विम्याच्या हप्त्याच्या महिन्यात नवे बूट मागायचे नाहीत. भाऊने ते कधीच मागितले नाहीत, आणि वडिलांनीही तो विषय कधी काढला नाही. हप्ता भरल्यावर पुढच्या महिन्यात बूट आले. घरात पैसा कुठून येतो, कुठे जातो, कुठल्या आठवड्यात ओढ असते, हे आम्ही त्या चौकोनांवरून शिकलो. आज खात्यातून रक्कम जाते तेव्हा एक बारीक संदेश येतो आणि तो एकाच माणसाच्या फोनवर येतो. मुलांना बिल म्हणून काही असतं हेच दिसत नाही. घर चालतं, पण ते कोणी चालवतं हे कळायला कुठे बघावं, ते त्यांना ठाऊक नसतं.

मोठ्यांचंही तेच झालं आहे. प्रत्येकाचा दिवस प्रत्येकाच्या फोनमध्ये कुलूपबंद. माझ्या एका भाच्याला बायकोची दंतवैद्याकडची वेळ ती दाढ काढून घरी आल्यावर कळली. दोघांचेही मदतनीस चोख होते. ते एकमेकांशी बोलत नव्हते, एवढंच. चाळीत हे घडणं शक्य नव्हतं. भिंतीने नाही तर काकूंनी सांगितलं असतं.

आणखी एक आहे, आहेराची वही. कोणाच्या लग्नात कोणी काय दिलं याची आई जाडजूड वही ठेवायची. आज तो हिशेब यंत्र सहज ठेवील, आणि माझ्यापेक्षा नीट ठेवील. पण एका दिवशी दोन कार्यं आली की आई वही मिटून ठेवायची. ज्या घरी मागच्या वर्षी दुःख झालं तिथे ती स्वतः जायची आणि दुसरीकडे वडिलांना पाठवायची. तिथल्या विधवा मावशीच्या शेजारी पंगतीला कोणीतरी आपलं बसायला हवं, हे ती प्रवासाच्या अंतरावरून ठरवत नव्हती. ही गोष्ट मदतनिसाला सांगितली तर तो ऐकतो, हिशेबातही धरतो. मात्र सांगण्याआधी ती आपल्या मनात यावी लागते, आणि मनात यायला त्या घरी जाणं-येणं असावं लागतं. साहेबांची रोजनिशी ठेवतानाही मला हेच दिसे. वेळ मी लावत होते. पण कोणाला वाट बघायला लावायचं नाही, हे ते स्वतः सांगत, आणि ते बरोबर होतं.

आमच्या घरात यावर सुनेने वाट काढली आहे. तिने सगळ्यांच्या तारखा एका सामायिक दिनदर्शिकेत आणल्या, प्रत्येकाला एक रंग दिला. मला जांभळा मिळाला आहे. आणि पैशाच्या तारखाही त्यातच घातल्या, लपवल्या नाहीत. हा तिचा निर्णय मला सगळ्यात जास्त आवडला. रविवारी सकाळच्या चहाला फोन टेबलाच्या मध्ये ठेवायचा आणि मदतनिसाने पुढचा आठवडा मोठ्याने वाचून दाखवायचा, असा नियम झाला आहे. वाचून होईपर्यंत कोणी उठायचं नाही. प्लंबर आणि फुटबॉलचा सामना एकाच वेळी आले तर प्लंबर पुढे ढकलला जातो. माझी डोळ्यांची तपासणी असेल तर सोबत कोण येणार ते तिथेच ठरतं. ‘कोणीतरी येईल’ असं मोघम उत्तर चालत नाही.

गेल्या रविवारी यादीत घराच्या कर्जाचा हप्ता आला. नातवाने बिस्किट बुडवता बुडवता विचारलं, ‘‘हे अजून किती वर्षं द्यायचं?’’ त्याच्या बाबाने वर्षं सांगितली. मग व्याज म्हणजे काय ते विचारलं. कागद-पेन्सिल आली, आकडे मांडले गेले, चहा दुसऱ्यांदा टाकावा लागला. मुद्दल कुठलं आणि व्याज कुठलं हे कळल्यावर तो म्हणाला, मग दिवाळीच्या बोनसमधून थोडं आधीच भरून टाकलं तर? त्याच्या आई-बाबांनी एकमेकांकडे बघितलं. बँकेत जाऊन चौकशी करायचं काम त्याच दिवशी दोघांच्या रंगात टाकलं गेलं, पुढच्या शनिवारी, अकरा वाजता. बरोबर येण्यासाठी नातवाने स्वतःचा हिरवा रंगही त्या चौकोनात घालून घेतला.