सुपरमॅन ज्याने रेखाटला

सुपरमॅन कोणाला माहीत नाही? आमच्या सोसायटीतली चार वर्षांची पोरंसुद्धा पाठीला टॉवेल बांधून ‘मी सुपरमॅन’ म्हणत पळतात. पण त्याचं पहिलं चित्र कोणी काढलं, असं विचारलं तर मोठेही एकमेकांकडे बघतात.

त्याचं नाव जो शूस्टर. जन्म १९१४ सालचा, कॅनडातल्या टोरांटोचा. वडील शिंपी, घरची गरिबी. लहानपणी त्याने रस्त्यावर वर्तमानपत्रं विकली. पुढे कुटुंब अमेरिकेत क्लीव्हलँडला आलं. तिथे शाळेत त्याला जेरी सीगल भेटला. जेरी गोष्टी लिही, जो चित्रं काढी. विकत कागद आणायला पैसे नसत, म्हणून जुन्या वॉलपेपरची कोरी बाजू आणि आईचा कणीक मळायचा लाकडी पाट. हिवाळ्यात घर इतकं गार पडे, की जो स्वेटरवर स्वेटर चढवून, हातमोजे घालून चित्रं काढत बसे. त्यात नजर अधू. जाड भिंगाचा चष्मा लावूनही कागद नाकाशी धरावा लागे. भिंतीपलीकडचं पाहणारा नायक अशा डोळ्यांनी घडला. क्लार्क केंटचा चष्मा पाहिला की मला जोच आठवतो.

पाचेक वर्षं दोघांना नकारच मिळत गेले. अखेर मार्च १९३८ मध्ये एका प्रकाशकाने १३ पानांचे १३० डॉलर दिले आणि सुपरमॅनचे सगळे हक्क लिहून घेतले. दोघंही तेवीस वर्षांचे. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक आला आणि सुपरमॅन बघता बघता घराघरांत पोहोचला.

हे वाचून आधी मी म्हटलं, वेडे कुठले, सही का केली? मग माझी मुलगी आठवली. ती बंगळूरला असते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. गेल्या वर्षी तिला पहिलं मोठं काम मिळालं, सोबत नऊ पानांचा करार. मी म्हटलं, “नीट वाच गं.” ती म्हणाली, “आई, वाचून प्रश्न विचारत बसले तर काम दुसऱ्याला जाईल.” तिचंही खोटं नव्हतं. पाच वर्षं नकार ऐकलेल्या जोला तर विचारायचं धाडस कुठून होणार?

जो आणि जेरीने १९४७ मध्ये कोर्टात दाद मागितली. तडजोडीत काही पैसे मिळाले, पण हक्क परत आले नाहीत. वर कॉमिक्सवरून त्यांची नावंही गेली. जोची नजर आणखी अधू झाली, चित्रकला सुटली. १९७५ मध्ये सुपरमॅनच्या मोठ्या सिनेमाची तयारी सुरू होती, तेव्हा जवळजवळ आंधळा झालेला जो न्यूयॉर्कमध्ये भावाकडे राहत होता. जेरीने वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन असे चित्रकार दोघांच्या बाजूने उभे राहिले. कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं आणि दोघांची नावं पुन्हा छापायचंही. रॉबिन्सन त्या नावांसाठीच शेवटपर्यंत अडून बसले होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पैशाने म्हातारपण निभतं. पण आपलं काम आपलं म्हणून ओळखलं जावं, ही भूक वेगळी असते.

माझ्या मुलीने शेवटी करारात एकच ओळ घालून मागितली: पुस्तकावर चित्रकाराचं नाव हवं. त्यांनी मान्य केलं. काम दुसऱ्याला गेलं नाही.

जो १९९२ मध्ये लॉस एंजेलिसला वारला. १३० डॉलरची ती रक्कम ज्यात होती, तो जुना चेक २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला. त्यावर दोघांची नावं चुकीची लिहिलेली आहेत. म्हणून पैसे मिळवायला दोघांनी मागे दोन-दोनदा सह्या केल्या: एकदा चुकीच्या नावाने, एकदा खऱ्या.