कडेचे तारे

दुर्बीण घेणं आणि लग्न करणं यांत एक साम्य आहे. मुख्य खर्चाची तयारी माणसानं ठेवलेली असते. कंबरडं मोडतं ते ‘किरकोळ’ या सदराखालच्या खर्चानं. दुर्बिणीच्या बाबतीत या किरकोळाचं नाव आयपीस. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘नेत्रिका’ असं गोंडस नाव होतं. ते ऐकून संस्कृत नाटकात नायिकेला वाळ्याचा लेप लावणारी सखी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ते एक काळं नळकांडं असतं, त्याच्या पोटात चार-सहा भिंगं असतात, आणि नळकांडं चांगल्या घराण्यातलं असलं तर त्याची किंमत आख्ख्या दुर्बिणीला लाजवते.

पण त्यावाचून चालत नाही. आरसा आकाशातला प्रकाश गोळा करतो आणि आयपीस तो तुमच्या डोळ्यात पोचवतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर आरसा म्हणजे ठेवी आणि आयपीस म्हणजे खिडकी. ठेवी कितीही असोत, गिऱ्हाइकाला बँक दिसते ती खिडकीतूनच. मी वीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो आहे. खिडकी लहान असली की बाहेरच्याची मान कशी वाकडी होते, आणि मान वाकडी झाली की बोलणं कसं वाकडं होतं, हे मला पुरतं ठाऊक आहे.

आमची दुर्बीण आठ इंची, न्यूटनच्या धाटणीची. आरशाचा व्यास 203 मिलिमीटर, फोकल लांबी 1000 मिलिमीटर. भागाकार केला की जवळजवळ पाच येतात, म्हणून ती एफ/5. दहाच्या आसपास भागाकार आला तर दुर्बीण ‘स्लो’, पाच किंवा त्याखाली आला तर ‘फास्ट’. हा शब्द छायाचित्रकारांकडून आला. भागाकार लहान असला की फोटो लवकर निघतो, एवढाच त्याचा अर्थ. दुर्बीण स्वतः जागची हलत नाही. तिला गच्चीवर न्यायला मी आणि मुलगा अशी दोन माणसं लागतात, आणि “भिंतीचा रंग! भिंतीचा रंग!” असं ओरडायला तिसरं.

‘फास्ट’ म्हटल्यावर आमच्या हिनं डोंबिवलीकराला साजेसा प्रश्न विचारला, “म्हणजे सगळ्या स्टेशनांवर थांबत नाही का?”

प्रश्न विनोदी वाटला तरी प्रकाशशास्त्राला धरून होता. फास्ट दुर्बीण मधल्या ताऱ्यांना न्याय देते. कडेच्या ताऱ्यांवर ती थांबत नाही. पण ते पुढे येईल.

आधी मोठ्या खिडकीचं कारण सांगतो. आमच्या दुर्बिणीची बैठक डॉब्सन पद्धतीची. हे जॉन डॉब्सन (1915–2014) म्हणजे 1944 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत दाखल झालेले संन्यासी. विश्वाचं कोडं नुसतं डोळे मिटून सुटत नाही, ते उघडूनही बघावं, असं त्यांचं मत. मठात राहून त्यांनी जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे केले आणि दुर्बिणी रस्त्यावर नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला तारे दाखवायला सुरुवात केली. ध्यानाच्या वेळी स्वामी फुटपाथवर, हे मठाला मानवलं नाही. 1967 साली त्यांना मठ सोडावा लागला. 1968 साली फुटपाथवरच्या खगोलप्रेम्यांची संस्था उभी राहिली. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी, हातानं ढकलायची बैठक. मोटर नाही, वायर नाही. परवडणारी दुर्बीण म्हणून जगभर तिचं नाव झालं, आणि मध्यमवर्गानं एका संन्याशाच्या कृपेनं शनीची कडी पाहिली.

मोटर नसल्यामुळे एक मात्र होतं. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे दुर्बिणीतला शनी सारखा पळत असतो. 200 पट मोठं करणारं साधं आयपीस लावलं तर तो एका काठावरून दुसऱ्या काठावर एका मिनिटात जातो. आमच्या गच्चीवर रांग असते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाकायला अर्धं मिनिट लागतं, डावा डोळा की उजवा हे ठरवायला उरलेलं अर्धं. त्या “कुठाय?” म्हणेपर्यंत शनी ठाण्याला पोचलेला असतो. तेवढ्याच मोठेपणाचं 82 अंशांचं आयपीस असेल तर शनी दीड मिनिटाहून थोडा जास्त मुक्काम करतो. आजींना शनी दिसणं-न दिसणं या अर्ध्या मिनिटावर अवलंबून आहे.

हे अंश म्हणजे खिडकीची रुंदी. 1860 साली व्हिएन्नाच्या प्लॉसलनं चार भिंगांचं आयपीस केलं. आज त्याच्या नावानं मिळणारी आयपीसं साधारण 50 अंश दाखवतात. डाळ-भातासारखी, कुठेही मिळणारी, कधी दगा न देणारी. 1917 साली जर्मनीत एर्फ्लंनं साठ-सत्तर अंशांपर्यंत मजल मारली. मग आले अमेरिकेतले अल् नॅगलर. अपोलोच्या चांद्रवीरांना चंद्रावर उतरण्याचा सराव देणारं यंत्र होतं, त्याच्या प्रकाशयोजनेवर त्यांनी काम केलेलं. खोट्या चंद्राला एवढी मोठी खिडकी, मग खऱ्याला का नको? 1977 साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि 1980 च्या सुमारास 82 अंशांचं आयपीस आणलं. त्याच कंपनीनं 2007 साली शंभर अंश गाठले. डोळा लावला की काठच दिसत नाही; मान फिरवून काठ शोधावा लागतो. किंमत कळली की मान आपोआप खाली येते.

आता कडेच्या ताऱ्यांकडे वळू. आमच्या आकाशदर्शनाच्या मंडळात एक ज्येष्ठ सभासद आहेत, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांनी हे मला घरी येऊन, दोन वेळा चहा घेऊन समजावलं. स्लो दुर्बिणीतून प्रकाश आयपीसमध्ये सभ्यपणे, अरुंद शंकूतून येतो. फास्ट दुर्बिणीत तो तिरका, अंगावर आल्यासारखा घुसतो. त्यामुळे स्लो दुर्बिणीत राजासारखं वागणारं स्वस्त आयपीस फास्ट दुर्बिणीला लावलं की कडेचे तारे पंख पसरलेल्या पक्ष्यांसारखे दिसतात. हा आयपीसचा दोष. शिवाय आरशाचा स्वतःचा एक दोष असतो, त्याचं नाव कोमा.

“तुमच्या आरशाला कोमा असणारच,” गुरुजी म्हणाले.

शेजारच्या वहिनी साखर परत द्यायला दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त शेवटचे दोन शब्द ऐकले आणि कोणत्या हॉस्पिटलात, म्हणून विचारलं.

हा कोमा मूळ ग्रीक, अर्थ केस. मधोमध तारा टिंबासारखा, पण कडेला जाल तसतशी त्याला शेंडी फुटते आणि ती बाहेरच्या बाजूला वळलेली असते. एफ/10 च्या आरशापेक्षा एफ/5 च्या आरशात ही शेंडी चौपट लांब. गंमत अशी की कडेला काही वाकडं दिसलं की आरसा आयपीसकडे बोट दाखवतो आणि आयपीस आरशाकडे. सासू-सुनेचं भांडण म्हणा ना. गुरुजींनी निवाड्याची रीत सांगितली. शेंडी असेल तर सासूचा दोष, म्हणजे आरशाचा. तारा रेघेसारखा ताणलेला दिसला आणि फोकस आत-बाहेर केल्यावर ती रेघ आडवीची उभी झाली, तर सुनेचा. भारी आयपीस घेतलं तर सुनेचा स्वभाव सुधारतो. सासूसाठी कोमा घालवणारं वेगळं भिंग मिळतं, त्याचे पैसे वेगळे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. या खरेदीसाठी एका मुदत ठेवीचे पैसे हाती आले होते. ठेव आमच्या दोघांच्या नावावर, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. म्हणजे दोघांपैकी कोणीही एक, किंवा मागे उरेल तो. हे शब्द मी रोज दहा फॉर्मांवर वाचतो, गिऱ्हाइकाला ‘इथे सही करा’ म्हणून खूण करून देतो, आणि त्यात काय लिहिलंय याचा विचार कोणीच करत नाही. ते बरंच आहे, नाहीतर खातं उघडायला आलेली नवी जोडपी रडत घरी जातील.

डिसेंबरातल्या एका अमावास्येला नेरळच्या पुढे एका शेतात मंडळाचा कार्यक्रम होता. गुरुजींनी आपली आयपीसांची पेटी आणली होती. माझी दुर्बीण, त्यांची आयपीसं, डोक्यावर कृत्तिका, आणि शेकोटीजवळ चष्मा पुसत बसलेली आमची ही, अशी ती परीक्षा झाली.

पहिलं 25 मिलिमीटरचं प्लॉसल. 40 पट मोठं, आकाशाचा सव्वा अंशाच्या आसपासचा तुकडा. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे हे काही वाईट नाही. कृत्तिकेतले मुख्य तारे मावले, पण सहाच्या लोकलमध्ये मावतात तसे. दुसरं एक स्वस्त, रुंद खिडकीचं. मधे तारे, भोवती पक्ष्यांचा थवा. तिसरं 82 अंशांचं, 30 मिलिमीटरचं, वजन एक किलोच्या आसपास. लावल्याबरोबर दुर्बिणीनं पुढे वाकून शेताला नमस्कार घातला. मागच्या टोकाला वजन बांधल्यावर ती उठली, आणि जे दिसलं ते खरोखर राजेशाही होतं. पण राजाचा खजिनाही लागत होता. 40 मिलिमीटरचं एक होतं, ते गुरुजींनी लावूच दिलं नाही. आयपीसचे मिलिमीटर भागिले दुर्बिणीचे पाच, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत बाहेर पडतो. म्हणजे आठ मिलिमीटर. तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, आणि चाळिशी ओलांडली की तेवढीही उघडत नाही. उरलेला प्रकाश भुवईच्या बाजूला वाया. पगारातून कर परस्पर कापला जातो, तसं.

मग 82 अंशांचं, 16 मिलिमीटरचं. आकाशाचा तुकडा प्लॉसलएवढाच, पण 62 पट मोठा, पार्श्वभूमी काळीभोर, आणि काठ असा दूर की आपण आत पडू की काय असं वाटावं. माझ्या मनात ते भरलं. मनातल्या मनात मी पावतीही फाडली.

तेवढ्यात ही उठून आली. हिच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे. नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असता तर चष्मा काढून फोकस फिरवला की भागतं. सिलिंडर फोकसला दाद देत नाही, आणि झोत जाड असला की जास्तच जाणवतो. म्हणजे चष्मा हवा. चष्मा ठेवायचा तर डोळा आणि शेवटचं भिंग यांत पंधरा-वीस मिलिमीटर जागा हवी. या आयपीसमध्ये होती जेमतेम दहा.

“छान आहे हो,” ती म्हणाली. “मधले तारे छान दिसतायत.”

“आणि कडेचे?”

“कड कुठाय?” 

तिला 82 पैकी पन्नासेक अंश दिसत असावेत. उरलेल्या बत्तीस अंशांचे पैसे तिच्याही खात्यातून जाणार होते.

गुरुजी काही बोलले नाहीत. पेटीतून त्यांनी 24 मिलिमीटरचं, 68 अंशांचं आयपीस काढलं. 42 पट मोठं, दीड अंशाहून थोडं अधिक आकाश, झोत पाच मिलिमीटरच्या आत, आणि चष्म्याला पुरेल एवढी जागा. हिनं डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मागची रांग खाकरू लागली. “सगळ्या आहेत,” ती म्हणाली. “भोवती अंगणसुद्धा आहे.”

किंमत जवळजवळ 16 मिलिमीटरच्या इतकीच होती. मी आणखी एकदा 82 अंशांतून बघून घेतलं, मुलीच्या पाठवणीच्या वेळी बघतात तसं, आणि ते गुरुजींच्या पेटीत ठेवलं. घेतलं ते 24. बाहुली दर वर्षी केसाएवढी लहान होत जाते. हिचीही होणार, माझीही होणार, आणि मलाही कधीतरी सिलिंडर लागेल. दोघांपैकी कोणीही एक, किंवा मागे उरेल तो, या अटीत बसणारं पेटीतलं परवडणारं आयपीस तेच होतं.

आता ते गच्चीवर असतं. डोंबिवलीचं आकाश काही नेरळचं नव्हे, पण कृत्तिका दिसतात. परवा हिनं बघता बघता विचारलं, “अहो, त्या अगदी कडेच्याला शेंडी का आहे?”

“तो आरशाचा कोमा. भिंग येतं त्यावर. पुढची ठेव पिकली की बघू.”

“राहू दे घाईनं. जागा मिळाली ना त्याला?”

तिनं चष्मा पुसला आणि परत डोळा लावला. मागे दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, त्यांची नात, साखरवाल्या वहिनी. मी रांगेत पाचवा होतो, अगदी कठड्याला लागून.