मजल्यावरची जागा

वरळीला बीडीडी चाळींच्या जागी झालेल्या टॉवरमधल्या एका घरी गेलो, तर अख्ख्या मजल्यावर तेवढं एकच दार सताड उघडं. मिटू नये म्हणून त्याला पाट लावलेला. सून येता-जाता दार लोटून घेई. आजी हातातली भाजी ठेवून उठत आणि पुन्हा पाट लावत. "दार बंद दिसल्यावर कोण येईल, बाबा?" मी होतो तोवर कुणी आलं नाही. शेजारीही चाळीतूनच आलेले.

१९२०च्या दशकातल्या त्या चाळी. खोली १६० चौरस फुटांची, मधोमध व्हरांडा, दोन्ही अंगांना खोल्या, संडास सामाईक. खोलीत मावायचं नाही म्हणून माणूस व्हरांड्यात यायचा आणि आला की बोलायचा. मुलांचे अभ्यास तिथे, बारशी तिथे, रात्री पुरुषांच्या पथाऱ्याही तिथेच. आता ५०० चौरस फुटांचं घर मिळालं, आत स्वतःचं संडास-न्हाणीघर आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. बायकांनी रांगेत काढलेल्या वर्षांचं कौतुक मी करणार नाही.

माझे मोठे काका लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. कोकणातल्या एकाच गावच्या गिरणी कामगारांनी मिळून घेतलेली खोली. भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकाची एक; आत जमिनीचे कागद आणि मनीऑर्डरच्या पावत्या. दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्यांची चळत. सकाळच्या पाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीचा आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत. गावच्या मंडळाच्या बैठकीत वडीलधारा बोलायला लागला की बाकीचे गप्प. कुणी पिऊन आला, तर गावी जाणाऱ्या पहिल्या माणसाबरोबर बातमी त्याच्या घरी. गिरणीच्या खात्यात मुकादमापुढे मान खाली घालणारे काका या खोलीत ताठ बसायचे, भांडणं मिटवायचे. उंबरा ओलांडला की गावच. १९८२च्या गिरणी संपानंतर ट्रंका एकेक करून गेल्या, काकांचीही गेली.

गावी काका पडवीत बसत. पायवाटेवरच्या कुणालाही "खंय चललंस?" विचारल्याशिवाय सोडत नसत. मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी अनोळखी माणसाला असं कधी विचारलं नसतं. मात्र त्याच पडवीतल्या नजरा सुनांच्या पदरावरही असत. शहरात कुणी विचारत नाही, हे कित्येक बायकांना सुखाचं वाटतं आणि ते मला पटतं.

तरीही माणसं एकमेकांशी कशी वागतील, हे दारासमोर काय आहे यावर फार ठरतं, असं माझं ठाम मत आहे. आणखी कितीतरी चाळींच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतींचे नकाशे निघायचे आहेत. ते काढणाऱ्यांनी प्रत्येक मजल्यावर दारांसमोर उजेड-वाऱ्याची, चार खुर्च्या मावतील एवढी जागा सोडावी. आणि रहिवाशांनो, सभेत पार्किंगच्या आधी ती मागा.