गाडीखालचा ओलावा

मोटारींतील हीटरची आमच्या प्रांतीं क्वचितच गरज पडते. म्हणूनच तो बिघडला आहे कीं नाहीं, हें आम्हांस बहुधा कळतही नाहीं. सन २०२३ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीं मला तें कळलें, व त्याबरोबर स्वतःविषयींही कांहीं कळलें. तेवढें येथें सांगतों.

त्या सायंकाळीं वृद्ध आईस घेऊन मी वाईहून पसरणीच्या घाटानें पांचगणीस भावाकडे निघालों होतों. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच. आई नुकतीच न्यूमोनियांतून उठली होती. घाट चढूं लागतांच गारठा वाढला, म्हणून मीं मोठ्या विश्वासानें हीटरची कळ फिरविली. वारा भरपूर आला, पण तो थंडगार!

"अरे, हा तर पंखाच लावलास!" आई हंसून म्हणाली; पण तिचे ओठ थरथरत होते.

मी विज्ञानाचा शिक्षक. मनांतल्या मनांत कारणें मोजूं लागलों. इंजिनास थंड ठेवणारें पाणी स्वतः तापतें. त्याचा एक प्रवाह चालकापुढील फळीमागें असलेल्या लहानशा जाळीदार पेटींतून जातो. तिच्यावरून पंखा वारा घालतो व तो ऊन होऊन आंत येतो. वारा येत होता, अर्थात् पंखा निर्दोष. पाण्याची वाट आवरणारी झडप, जिला थर्मोस्टॅट म्हणतात, ती उघडीच अडकली असती, तर इंजिन नीट तापलें नसतें व उष्णतामापकाचा कांटा खालींच राहिला असता. मीं कांट्याकडे पाहिलें. तो लाल रेघेजवळ पोहोंचला होता! इंजिन अति तप्त आणि हीटर मात्र थंड, याचा अर्थ बहुधा एकच: पाणी आटलें आहे.

गाडी कडेस घेऊन इंजिन बंद केलें. माझा मुलगा टोपण उघडण्यास धांवला. त्यास मीं हात धरून थांबविलें. बंद टोपणाखालीं दाब असल्यामुळें पाणी १०० अंशांच्या वरही न उकळतां राहूं शकतें. टोपण काढतांच वाफेचा फवारा उडून तोंड भाजतें. पाऊण तास आम्ही थांबलों. आईस शालींत व माझ्या कोटांत गुंडाळून बसविलें. मग विजेरीच्या प्रकाशांत पाहिलें, तों पाण्याची टांकी रिकामी, व एका रबरी नळीवरील पट्टी सैल होऊन तेथें हिरवट ओघळ आलेला.

तेव्हां आई शांतपणें म्हणाली, "आठवड्यापूर्वीं गाडीखालीं ओलावा दिसला, तो मीं तुला सांगितला होता रे."

खरेंच सांगितला होता. "तें वातानुकूलनाचें पाणी, आई," असें उत्तर मीं वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां दिलें होतें. तें पाणी स्वच्छ असतें. हें रंगीत व बोटांस बुळबुळीत. शिवाय थंडीमुळें तें यंत्र आम्हीं कित्येक दिवस लावलेंच नव्हतें! वाकून बोट लावण्यास अर्धें मिनिटही लागलें नसतें. वर्गांत "आधीं पाहा, मग बोला" असें शिकविणारा मी. घरीं मात्र न पाहतां बोललों, कारण सांगणारी माझी आई होती, कोणी शास्त्रज्ञ नव्हे.

पट्टी आवळली. पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या हळूहळू ओतल्या व हीटर चालू ठेवून इंजिन फिरूं दिलें. कांटा खालीं स्थिरावला, आणि थोड्याच वेळांत ऊन वारा येऊं लागला. मीं आईची क्षमा मागितली. "आधीं गाडी सांभाळून चालव," एवढेंच ती म्हणाली. कांट्यावर दृष्टि ठेवून आम्ही सावकाश पांचगणीस पोहोंचलों. नाताळानंतर मिस्त्रीनें नवी नळी बसवून योग्य तें द्रव भरलें. देवाच्या दयेनें आईचें दुखणें उलटलें नाहीं.

विद्यार्थीमित्रांनो, हीटरची विद्या तुम्हांस पुस्तकांतूनही मिळेल. परंतु ज्यानें तुम्हांस ओलावा दाखविला, त्याच्या शब्दाखातर एकदां वांकून पाहणें, हें मला पुस्तकानें नव्हे, त्या घाटानें शिकविलें. आतां आई कांहीं बोलली, कीं मी वर्तमानपत्र खालीं ठेवतों.